फळं खाणाऱ्या प्राण्यांमुळे झाडं खरंच बदलतात का? आणि झाडांमुळे प्राणी?

दोन्ही बदलतात. झाडांच्या बाजूचा चांगला पुरावा ब्राझीलचा आहे. तिथे ताडाच्या कुळातलं जुसारा नावाचं झाड आहे. त्याची फळं टूकनसारखे मोठ्या चोचीचे पक्षी अख्खी गिळतात. जंगलं तुटली, शिकार झाली, तसे हे पक्षी बऱ्याच ठिकाणांहून गेले. उरलेल्या लहान पक्ष्यांच्या घशातून मोठी बी उतरत नाही. ती झाडाखालीच पडून राहते, बारीक तेवढी दूर जाते. २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अशा ठिकाणच्या बिया लहान भरल्या. एवढा फरक शंभरेक वर्षांत पडू शकतो, असा त्या संशोधकांचा हिशेब. उत्क्रांतीच्या मानाने हे कालपरवाचंच!

प्राण्यांच्या बाजूसाठी इतकं लांब जायला नको. आमच्या सोलापुरात कडुनिंबावर किंवा आंब्यावर बांडगूळ दिसलं, तर खाली जरा वेळ थांबून बघा. फुलटोचा नावाचा चिमणीहूनही लहान पक्षी त्याची फळं खायला येतो. गर पचतो, पण बीवरचा चिकट थर तसाच राहतो. त्यामुळे बी बाहेर पडताना बुडाला चिकटून लोंबते, आणि हा गडी फांदीवर बूड घासून ती पुसून टाकतो. बांडगुळाला हेच हवं असतं; जमिनीवर पडलेली बी वायाच गेली. या पक्ष्याचं पोटही त्याला साजेसं आहे: किडे दळायला पोटाचा स्नायूंचा कप्पा, पण फळ त्याला बगल देऊन थेट आतड्यात, काही मिनिटांत बाहेर.

मात्र अशी घट्ट लग्नगाठ क्वचितच. बोरं कोल्हा खातो, शेळी खाते, पोरंही खातात. त्यामुळे एकट्या कोणाचा ठसा बोरीवर उमटत नाही. कधी कधी तर मूळचा गिऱ्हाईकच नाहीसा होतो. वेडी बाभूळ अमेरिका खंडातली. तिकडच्या अशा गोड शेंगा आणि मोठी फळं हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या अजस्र प्राण्यांसाठी घडली असावीत, असं जॅन्झन आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलं. मला ते पटतं. ते प्राणी गेले, पण शेंगेचा गोडवा आणि बीचं टणक कवच राहिलं. इकडे बी पसरवायचं ते काम शेळ्या-मेंढ्यांनी आयतंच उचललं. खतासाठी शेतात कळप बसवला, की लेंड्यांबरोबर वेड्या बाभळीची बीही येते.