लाल गोटी नेमकी कुठली?

प्रश्न : आमच्या रंग जुळवायच्या गेममध्ये सहा रंगांच्या गोट्या आहेत. रंगांध खेळाडूंसाठी हिरवा काढून जांभळा घातला, तरी तक्रारी येतातच. काय चुकलं?

उत्तर : निळी गोटी आधीपासून असणार. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांना जांभळ्यातला लाल वाटाही नीट जाणवत नाही. तो वजा केला की उरतो निळाच. नारिंगी-पोपटी आणि गुलाबी-राखाडी या जोड्यांचीही तीच गत. रंगांची अदलाबदल करत बसण्यापेक्षा प्रत्येक गोटीवर आकाराची खूण द्या.

चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, चांदणी, चंद्रकोर, फुली हे सहा पुरतात. वर्तुळासोबत षटकोन-अष्टकोन मात्र घेऊ नका, मोबाइलवर सगळे गोलच दिसतात. ४८ पिक्सेलच्या गोटीवर खूण निदान २४ पिक्सेलची हवी.

खुणेच्या रंगात बरेच जण फसतात. पांढरी कुठेही चालेल असं वाटतं. पण पिवळ्यावर (लाल २४०, हिरवा २२८, निळा ६६) तिचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातल्या फरकाचं माप, जेमतेम १.३ भरतं, काळीचं जवळपास १६. उलट निळ्यावर (०, ११४, १७८) पांढरी ५.२ देते, काळी ४. डब्ल्यूसीएजी ही वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची नियमावली चित्रखुणांसाठी किमान ३ मागते. गोटीगणिक हिशेब नको असेल तर काळ्या खुणेला २ पिक्सेलची पांढरी किनार द्या, म्हणजे कुठल्याही रंगावर निभावतं.

बर्फात किंवा साखळीत अडकलेल्या गोट्याही तपासा. बर्फाचा थर सहसा सगळ्यांत वर काढलेला असतो आणि नेमकी खूणच झाकतो. खूण थराच्या वर आणा.

प्रश्न : सुडोकूत चुकलेला आकडा काळ्या पार्श्वभूमीवर लाल होतो. करड्या छटांत तपासलं, आकडा स्पष्ट दिसला. तरीही एका खेळाडूला तो वाचताच येत नाही.

उत्तर : तुमची तपासणी सर्वसाधारण डोळ्यापुरती बरोबर आहे. कॉन्ट्रास्टच्या सूत्रानुसार शुद्ध लाल (२५५, ०, ०) काळ्यावर सव्वापाच गुणोत्तर देतो, म्हणजे पास. पण हे सूत्र लाल रंगाची चमक सर्वसाधारण नजरेच्या मापानं धरतं. प्रोटॅन प्रकारच्या रंगांधतेत लांब तरंगलांबी टिपणाऱ्या शंकुपेशी (डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी) नसतात किंवा त्यांची संवेदनशीलता सरकलेली असते, त्यामुळे लाल अगदी काळपट दिसतो. तुमचा आकडा त्या खेळाडूसाठी अंधारात गेलेला आहे.

आकडा पांढराच ठेवा आणि चुकलेल्या घरावर तिरपी रेघ मारा किंवा कोपऱ्यात ठिपका द्या. लाल हवाच असेल तर पार्श्वभूमी पांढरी करा. तिथे काळपट दिसणं उलट पथ्यावर पडतं, मात्र बाकीचे आकडे काळे असतील तर तिरप्या रेघेला पर्याय नाही.

प्रश्न : सेटिंग्जमध्ये प्रोटॅन (लालची अडचण), ड्युटॅन (हिरव्याची), ट्रायटॅन (निळ्याची) असे तीन पर्याय दिले आहेत. वापर जवळजवळ शून्य. का?

उत्तर : आपला प्रकार कुठला हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्यात अशा पर्यायांमागे बहुधा अख्ख्या पडद्यावर फिल्टर असतो. तो दोन रंग वेगळे करताना तिसऱ्याला चौथ्याजवळ नेऊन ठेवतो. खऱ्या पटाचे तीन छोटे नमुने दाखवा आणि विचारा, 'कशात गोट्या सहज वेगळ्या दिसतात?' हे पहिल्या लेव्हलच्या आधी. खुणा सुरुवातीलाच चालू ठेवा. नको असतील तो बंद करील. बदलण्याची सोय पॉझच्या मेनूतही हवी, आणि बदलल्यावर चालू डाव पुसला जाता कामा नये.

प्रश्न : ठिपके रेषेनं जोडायच्या कोड्यात दोन्ही टोकांना अक्षरं दिली आहेत. एवढं पुरे ना?

उत्तर : नाही. पट भरत आला की प्रश्न टोकांचा नसतो, 'मधून जाणारी ही रेष कुणाची' हा असतो. रेषा ज्या घरातून जाते त्या प्रत्येक घरात तेच अक्षर लहान करून उमटवा. तुटक आणि ठिपक्यांच्या रेषा दोन-तीन प्रकारांपर्यंत ठीक. पुढे वळणांवर त्यांचा नुसता गुंता होतो.

प्रश्न : रंगांध परीक्षक हाताशी नसेल तर तपासायचं कसं?

उत्तर : क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'रेंडरिंग' विभागात आणि अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत रंगदोषाचं अनुकरण करता येतं. प्रत्येक प्रकारात निदान एक डाव पूर्ण खेळा, नुसता स्क्रीनशॉट पाहू नका. गोट्या पडताना खुणा नाहीशा होतात ते स्थिर चित्रात कळत नाही. मग ब्राइटनेस उतरवून आणि नाइट मोड (पडदा पिवळसर करणारा) चालू करून पुन्हा खेळा, कारण त्यानं निळा मंदावतो आणि निळ्या-काळ्यातलं अंतर कमी होतं. सूचनाही वाचा. 'लाल गोटीवर टॅप करा' असं लिहिलं असेल तर 'त्रिकोणाच्या लाल गोटीवर' करा. अनुकरणानं मोठे दोष सापडतात, पण प्रत्यक्ष खेळाडूची जागा ते घेत नाही; एक मिळाला तरी प्रकाशनाआधी त्याच्याकडून तासभर खेळवून घ्या.