मायसेलवरचा विद्युतभार कसा मोजावा?

प्रश्न : सोडियम डोडेसिल सल्फेट या अपमार्जकाच्या मायसेलवर (पाण्यात त्याचे आयन एकत्र येऊन बनणाऱ्या सूक्ष्म पुंजक्यावर) किती विद्युतभार असतो आणि त्यासाठी विसरण (कणांचे द्रवात आपोआप पसरणे) का मोजतात? प्रयोगाला बोअरचे पाणी चालेल काय?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात या पदार्थाची संहती लिटरमागे सुमारे ८ मिलिमोलच्या वर गेली की साधारण ६० ऋण डोडेसिल सल्फेट आयन एकत्र येऊन मायसेल बनते, परंतु त्याचा परिणामी भार उणे ६० नसतो, कारण बहुतेक सोडियम आयन पृष्ठभागाला बिलगून राहतात. वाहकता-संहती आलेखात या सीमेनंतरच्या उताराला आधीच्या उताराने भागले, तर सुट्या आयनांचे ढोबळ प्रमाण मिळते, आणि एवढे काम महाविद्यालयातील वाहकतामापकावरही होते.

विसरणाची गरज पुढे लागते. विद्युतक्षेत्रात मायसेल किती वेगाने सरकते, हे त्याच्या भाराप्रमाणेच द्रवाच्या घर्षणावरही अवलंबून असते. विसरणगुणांक, म्हणजे विसरणाची त्वरा दाखवणारा आकडा, त्याच घर्षणाने ठरत असल्यामुळे, गतिशीलतेला (एकक विद्युतक्षेत्रातील वेगाला) विसरणगुणांकाने भागून २५.७ मिलिव्होल्टने (२५ अंशांवरील औष्णिक विभवाने, kT/e) गुणले की त्रिज्या माहीत नसतानाही भार इलेक्ट्रॉनभाराच्या पटीत मिळतो. मात्र भोवतालचे विरुद्ध आयन मायसेलला मागे खेचत असल्याने हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. विसरणगुणांक लेसर प्रकाशाच्या विखुरण्यावरून काढतात. मायसेलांमधील प्रतिकर्षणाने तो फुगतो, म्हणून थोडे मीठ घालून निरनिराळ्या संहतींची मापने सीमेपर्यंत मागे न्यावीत.

बोअरचे पाणी मात्र कटाक्षाने टाळावे. आपल्याकडील बहुतेक बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम मायसेलला सोडियमपेक्षा घट्ट चिकटते, प्रसंगी साकाही बसतो.