धक्क्याला लागलेले जहाज आणि बंद असलेला बार

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी मुंबई–गोवा–मुंबई अशी क्रूझची फेरी केली. पेयांचे पॅकेज तिकिटाबरोबरच घेतले होते. बॅलार्ड पियरला दुपारी जहाजावर चढलो तेव्हा सर्व बार बंद होते आणि जहाज बंदराबाहेर पडल्यावरच मद्य मिळेल, असे सांगण्यात आले. जहाज मुरगावला दिवसभर थांबले, तेव्हाही तोच अनुभव आला. जहाजावर निशाण परदेशी होते. मग आपल्याकडचे नियम त्याला कसे लागतात? आणि वाया गेलेल्या वेळेचे पैसे मागता येतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : निशाण ज्या देशाचे त्याचाच कायदा जहाजावर चालतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. जहाजाची नोंदणी, सुरक्षेचे निकष आणि अंतर्गत शिस्त या बाबी निशाणाच्या देशाकडे असतात. परंतु जहाज धक्क्याला लागले की ते यजमान देशाच्या अंतर्गत जलक्षेत्रात आलेले असते आणि तेथे त्या देशाची सत्ता जमिनीवर असते तितकीच पूर्ण असते. जहाजावरच्या किरकोळ बाबींत बंदराचे अधिकारी सहसा लक्ष घालत नाहीत, हा सौजन्याचा भाग झाला. कर आणि मद्य या दोन विषयांत मात्र ते सौजन्य फारसे पाळले जात नाही.

अमेरिकेत हा वाद शंभर वर्षांपूर्वी थेट मद्यावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तेथे 1920 साली दारूबंदी लागू झाली. युरोपातून न्यूयॉर्कला येणाऱ्या प्रवासी जहाजांवर मद्याचा साठा असे. अमेरिकेच्या बंदरात तो मोहोरबंद ठेवला जाई आणि परतीच्या वाटेवर पुन्हा खुला होई. काही देशांच्या कायद्यानुसार तर खलाशांना रोजच्या शिध्यात वाइन देणे बंधनकारक होते. कुनार्ड आणि इतर कंपन्यांचे म्हणणे असे होते की, आम्ही बंदरात विकतच नाही, तर नुसत्या साठ्याला हरकत कशाला? न्यायालयाने 30 एप्रिल 1923 रोजी हे म्हणणे फेटाळले. परदेशी जहाज अमेरिकेच्या प्रादेशिक जलक्षेत्रात असेपर्यंत दारूबंदीचा कायदा त्याला लागू होतो, अगदी कुलपातल्या बाटल्यांनाही, असा निर्णय झाला. उलट खुल्या समुद्रावरच्या अमेरिकी जहाजांना तो कायदा लागू होत नाही, हेही त्याच निकालात ठरले. मित्रराष्ट्रे नाराज झाली आणि 1924 मध्ये ब्रिटनबरोबर करार होऊन मोहोरबंद साठा बंदरात आणण्याची मुभा मिळाली. त्या बदल्यात, किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरापर्यंत संशयित ब्रिटिश जहाजांची झडती घेण्यास ब्रिटनने मान्यता दिली. सवलत मिळाली ती करारामुळे. निशाणाच्या जोरावर ती कोणालाच मागता आली नाही.

आता आपल्या फेरीकडे वळू. भारतात येथे दोन वेगवेगळ्या यंत्रणांचा संबंध येतो. पहिली केंद्राच्या सीमाशुल्क विभागाची. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 87 नुसार परदेशातून आणलेला साठा जहाजावर शुल्क न भरता वापरता येतो, पण जहाज परदेशी फेरीवर असेल तोपर्यंतच. त्यामुळे दुबईहून येऊन मुंबईत एक दिवस थांबून कोलंबोला जाणारे जहाज आणि मुंबई–गोवा–मुंबई फिरणारे जहाज शेजारशेजारच्या धक्क्यांना उभे असले, तरी त्यांच्या साठ्याची कायदेशीर स्थिती सारखी नसते. आपली फेरी देशांतर्गत होती. तेथे ही सूट मिळत नाही. शुल्क न भरलेला माल अशा वेळी कुलूपबंदच ठेवावा लागतो.

दुसरी यंत्रणा राज्याची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे विषय राज्यांकडे दिलेले आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी 1949 चा मूळ मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार विकणाऱ्याला परवाना लागतो आणि पिणाऱ्यालाही. वयाची अट बिअर व वाइनसाठी 21 वर्षे, इतर मद्यासाठी 25 वर्षे आहे. गोव्यात जहाज लागले की कायदा गोव्याचा, कोचीला लागले की केरळचा. प्रत्येक बंदरात वेगळा परवाना आणि वेगळा हिशेब सांभाळण्यापेक्षा बार बंद ठेवणे जहाज कंपनीला सोयीचे वाटते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही.

गैर असेल तर ते वेगळ्या ठिकाणी आहे. मुंबईत चढल्यापासून मुंबईत उतरेपर्यंत असे सांगून पॅकेज विकले आणि बंदरातले तास वगळल्याचे कोठेच लिहिले नसेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. तिकिटाबरोबर आलेल्या अटी आधी बारकाईने वाचाव्यात. त्यांत हा उल्लेख नसेल, तर कंपनीला लेखी तक्रार करावी. उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मुळे ठाण्यात राहून ठाण्याच्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, कंपनीचे कार्यालय कोठेही असो. अट स्पष्ट लिहिलेली असेल, तर मात्र पैसे परत मिळण्याची आशा धरू नये.

एक गोष्ट विचारली नसली तरी सांगणे आवश्यक वाटते. गोव्यात उतरून घेतलेल्या बाटल्या परतताना मुंबईत आणायच्या असतील, तर त्यासाठी परवाना लागतो. देशांतर्गत प्रवाशाला परदेशातून येणाऱ्या प्रवाशासारखी करमुक्त मद्याची सवलत नसते. लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. बंगाराम बेट वगळता तेथे दारूबंदी आहे, आणि जहाजावर विकत घेतलेले मद्य छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेणे हा गुन्हा ठरू शकतो.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत टेक्सासमधील ह्यूस्टनला राहतो आणि जवळच्या गॅल्व्हस्टन बंदरातून क्रूझला जातो. पहिल्या दिवशी पॅकेज लागू होत नाही, आणि परतताना मेक्सिकोतील कोझुमेल बेटावर घेतलेल्या एका लिटरच्या बाटलीवरही कर भरावा लागला. केंद्राच्या नियमाने एक लिटर माफ असताना हे कसे?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : ती माफी केंद्रीय सीमाशुल्कापुरती आहे. अमेरिकेतील दारूबंदी 1933 मध्ये उठली, ती ज्या घटनादुरुस्तीने, तिनेच मद्याच्या आयातीवरील नियंत्रण राज्यांच्या हाती दिले. टेक्सासचा मद्य आयोग गॅल्व्हस्टनच्या टर्मिनलवर स्वतःचे कर्मचारी बसवतो आणि राज्याचा कर वेगळा घेतो. तो न भरल्यास बाटली सोडून द्यावी लागते.

पहिल्या दिवसाचे कारणही हेच आहे : टेक्सासच्या हद्दीत जहाजावर विकले जाणारे मद्य राज्याचा कर भरलेले असावे लागते. ही हद्द इतर बहुतेक राज्यांपेक्षा मोठी आहे. टेक्सास 1836 मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक झाले तेव्हा त्याने तीन सागरी लीग, म्हणजे सुमारे साडेसोळा किलोमीटरपर्यंत सीमा जाहीर केली होती, आणि 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. बंदरातून बाहेर पडण्याची लांब वाटही हिशेबात धरली, तर जहाजाला ती ओलांडण्यास बराच वेळ लागतो.

प्रश्न : माझा मुलगा एका क्रूझवर बारमध्ये कामाला आहे. बंदरात बार बंद असताना प्रवासी त्याच्यावर ओरडतात. कामाची वेळ संपल्यावर तो स्वतः बंदरात पिऊ शकतो का, हेही मला विचारायचे आहे.
— एक आई, वेंगुर्ले

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. खलाशांच्या प्रशिक्षण व पहाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात 2010 साली मनिला येथे झालेल्या दुरुस्त्यांनुसार, सुरक्षेची जबाबदारी सोपवलेल्या कर्मचाऱ्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण 0.05 टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. प्रवासी जहाजावर आणीबाणीत प्रवाशांना गोळा करून जीवरक्षक नौकांपर्यंत नेण्याचे काम बारमधल्या मुलांनाही दिलेले असते, म्हणून ही मर्यादा केवळ जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपुरती आहे, असे त्याने समजू नये. आग धक्क्याला असतानाही लागू शकते. अनेक कंपन्यांची मर्यादा याहून कडक असते. ती त्याच्या करारपत्रात लिहिलेली असेल.

प्रवाशांच्या रागाबाबत त्याला एवढे सांगावे की, मोहोर तोडून कोणालाही एक पेलाही देऊ नये, मग विनंती कितीही गोड असो वा आवाज कितीही चढलेला असो. मोहोर तुटली तर प्रवासी संध्याकाळी खोलीत जाऊन झोपेल. चौकशी, दंड आणि कदाचित नोकरी हे सारे आपल्या मुलाच्या वाट्याला येईल. प्रवासी ऐकत नसेल तर त्याने बार मॅनेजरला बोलवावे आणि घडलेला प्रकार वेळेसह लिहून ठेवावा.