क्रोनो ट्रिगर हा जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम एवढा का गाजला, आणि आज खेळला तर मजा येईल का?

येईल, बिनधास्त खेळा. पण तुमच्या प्रश्नातलं ते 'मित्र म्हणतो सरळसोट गेम आहे, चॉइस असा काही नाहीच' वाचलं आणि राहवेना, कारण हेच माझा मावसभाऊ मला वर्षानुवर्षं ऐकवत आलाय.

आमच्या दोघांत मिळून एक डीएस (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल), त्यात या गेमची 2008 ची आवृत्ती, सेव्ह फाइल वेगळ्या. दादा कायम माझ्या पुढे, कारण तो गाइड उघडून खेळायचा. तर ओशन पॅलेस या टप्प्यावर गेमचा मुख्य शत्रू लाव्होस उठतो, अख्खी टीम आडवी, क्रोनो एकटा त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो आणि संपतो. (स्पॉयलरची ओरड नको, 1995 चा गेम आहे.) ज्याला आपण पहिल्या मिनिटापासून चालवतोय तो हिरोच गेला, तरी गेम ओव्हर नाही, गोष्ट चालूच! दादाचं म्हणणं, त्याला परत आणल्याशिवाय गेम संपूच शकत नाही. जत्रेतून क्रोनोचा क्लोन (हुबेहूब बाहुला) घे, गॅस्पर नावाच्या म्हाताऱ्याकडून ते जादूचं अंडं घे, डेथ पीक हा डोंगर चढ, पाठच होतं त्याला सगळं. मी म्हटलं, सक्ती कुठे केलीये? तर म्हणे तुला कळत नाही.

मग मीही हट्टाला पेटलो. क्रोनोला आणलंच नाही, टीममधल्या मार्ल, रोबो आणि फ्रॉगला घेऊन थेट लाव्होसवर गेलो, दादा शेजारी बसून 'आता अडतोस बघ' करतोय. कवच फोडलं, आतला पाडला, आणि मग शेवटी तिघं समोर येतात त्यातला मधला मोठा दिसतो म्हणून सगळे त्यालाच बडवतात, पण खरा लाव्होस म्हणजे उजवीकडचा तो छोटा तुकडा, मधला पडला तरी हा त्याला परत उठवतो. दादा तोवर गप्प झाला होता. लाव्होस मेला, क्रोनो नसलेला वेगळा शेवट आला. यावर दादा काय म्हणाला असेल? 'हा धरायचा नाही.'

आता याला चॉइस नाही तर काय म्हणायचं? फ्रॉगला बेडूक करणाऱ्या जादूगार मॅगसचंच बघा, नॉर्थ केप या कड्यावर त्याला मारा नाहीतर टीममधे घ्या, आणि मारला तर शेवटी फ्रॉग परत माणूस होतो. आणि क्रोनोवर खटला चालतो तो कोर्टाचा सीन! सुरुवातीला जत्रेत तुम्ही कोणाचा डबा खाल्लात का, धडकलेल्या मुलीची विचारपूस करायच्या आधी तिचं लॉकेट उचललंत का, हे सगळं नंतर साक्षीदार येऊन सांगतात. 'चूज युवर आन्सर' असा बोर्ड न लावता गेम तुमच्यावर नजर ठेवून असतो, हे आजच्या कित्येक मोठ्या गेम्सना जमत नाही.

बाकी नवीन काय होतं म्हणाल तर न्यू गेम प्लस, हे नाव रूढ झालं ते इथूनच. लेव्हल आणि सामान घेऊन पहिल्यापासून खेळायचं, लाव्होसला कुठल्या टप्प्यावर मारता त्यावर शेवट बदलतो. शत्रू मॅपवरच दिसतात, लढाई तिथल्या तिथे सुरू होते, दोघातिघांच्या टेक्निक्स मिळून एक हल्ला करता येतो. गेम घडवणारे साकागुची, होरी आणि चित्रकार तोरियामा हे त्रिकूट आणि मित्सुदाचं म्युझिक यावर पोत्यांनी लिहिलं गेलंय, ते वाचा.

आता कुरकुर. लढाया सोप्या आहेत, चॅलेंज हवा असेल तर कंटाळाल. कोर्टात निर्दोष सुटलात तरी जेल चुकत नाही, म्हणजे तिथे दादाचा मुद्दा थोडासा बरोबर आहे, पण थोडासाच. डीएसवरच्या जादा डंजन्समधे नुसती ये-जा आहे, सोडून दिलेत तरी चालेल. स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानावर 2018 मधे आला तेव्हा दिसायला भयाण होता, नंतर पॅचेस येऊन सुधारला, त्यामुळे डीएस नसेल तर तोच घ्या.

आणि गाइड उघडू नका, निदान पहिल्यांदा तरी. क्रोनो मेला की वेगळी सेव्ह फाइल करून ठेवा, एकदा त्याला आणून संपवा, एकदा न आणता. मित्र म्हणेल हा शेवट अपूर्ण आहे. अपूर्ण कसला, लाव्होस मेलाय, क्रेडिट्स आलेत, अजून काय पाहिजे?