आधी गॅमा थांबवून दाखव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइट द्रव्याच्या तुझ्या पातळ फिल्मचा आलेख पाहिला. लेसरचा झोत पडताच उजळलेला प्रकाश काही नॅनोसेकंदांतच ओसरतो, म्हणून 'पेट स्कॅनसाठी उपयुक्त' हे वाक्य निबंधाच्या शेवटी घालावे, असे तुझे मार्गदर्शक म्हणतात आणि तुझे मन घेत नाही. मनाचे ऐक आणि ते वाक्य खोड.

पेट स्कॅनमध्ये शरीरातून एकाच वेळी विरुद्ध दिशांना निघणारे दोन गॅमा फोटॉन स्फटिकांत अडवतात आणि तिथे उजळलेल्या प्रकाशावरून ते कुठून आले हे ठरवतात. त्यांतला प्रत्येक फोटॉन 511 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे फार भेदक असतो. एक मायक्रॉन जाडीच्या फिल्ममधून असे हजार फोटॉन गेले तरी तिला बहुधा पत्ताही लागणार नाही. एलएसओसारख्या (ल्युटेशियमच्या सिलिकेटच्या) जड स्फटिकालाही त्यांतले दोन तृतीयांश अडवायला सुमारे सव्वा सेंटिमीटर जाडी लागते. वेग कोणाला नको आहे? बीजीओ (बिस्मथ जर्मेनेट) या जुन्या जड स्फटिकाचा प्रकाश ओसरायला 300 नॅनोसेकंद लागत, एलएसओने ते 40 वर आणले आणि आता जगभरच्या प्रयोगशाळा 10 पिकोसेकंदांच्या (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) अचूकतेमागे लागल्या आहेत, कारण तेवढी वेळ मोजता आली तर फोटॉनांच्या उगमाची जागा दीड मिलिमीटरपर्यंत ठरवता येते. पण जो फोटॉन थांबलाच नाही, त्याची वेळ तू मोजणार कशी?

आपल्या कोल्हापुरात थिन फिल्मची परंपरा मोठी आहे आणि तिचा मला अभिमानही आहे. मात्र तिच्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर काचेच्या पट्टीवरच शोधायची सवय लागते. स्फटिक वाढवायला भट्टी आणि चिकाटी लागते, आणि एवढे करून गार होताना तडा जातो तो जातोच. मी बेरियम फ्लोराइडच्या मागे वर्षे घालवली. त्याचा जलद प्रकाश एका नॅनोसेकंदाच्याही आत संपतो, पण त्याच्याबरोबर 600 नॅनोसेकंदांचा मंद प्रकाश चिकटून येतो, आणि तो दाबणे हेच खरे काम. त्या काळात सोबतचे लोक फिल्मांवर निबंध लिहीत पुढे गेले आणि एका मुलाखतीत माझी यादी आखूड ठरली. तो सल आहेच, पण आजही मी स्फटिकच निवडला असता. गॅमा थांबत नसेल तर बाकी आकडे कशासाठी?

म्हणून फिल्म टाकून दे, असे मी म्हणत नाही. बीजीओच्या पातळ पट्ट्यांमध्ये तुझे द्रव्य भर. गॅमा जड पट्टीत थांबेल, त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या थरात शिरेल आणि तुझा जलद प्रकाश तिथे निघेल. इलेक्ट्रॉनची धाव मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते, त्यामुळे पट्टी जाड झाली तर तो आतच संपेल आणि तुझा थर एका मायक्रॉनचाच राहिला तर त्यात ऊर्जा जवळजवळ पडणारच नाही. थर जाड कर, पण जाड पेरोव्स्काइट स्वतःचाच हिरवा प्रकाश शोषून घेते, हे आधी तपास.

लेसर बाजूला ठेव. पेटसारखेच जोडीने गॅमा फोटॉन देणारा सोडियम-22 चा किरणोत्सारी स्रोत घे, त्याच्या एका बाजूला एलएसओ आणि दुसऱ्या बाजूला तुझी पट्टी ठेव आणि दोन्हींकडे एकाच वेळी येणारे संकेत मोज. तो आलेख घेऊन राजारामपुरीत घरी ये. संध्याकाळी मी असतोच. मार्गदर्शकांना माझे नाव सांगितलेस तरी चालेल, फक्त ते चिडतील.