मोटर बदलण्याआधी स्क्रूकडे पाहा

प्रश्न : मी आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन असून नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात देखभालीचे काम करतो. आमच्या मशीनची ४० किलोची आडवी स्लाइड ०.६ सेकंदात ३०० मिलिमीटर सरकून थांबायला हवी, पण ती दर वेळी उशिरा पोहोचते. स्लाइड सरकवणाऱ्या बॉल स्क्रूची लीड (एका फेऱ्यात स्लाइड सरकते ते अंतर) १० मिलिमीटर असून सर्व्हो मोटर (आज्ञेप्रमाणे नेमक्या जागी थांबणारी) ७५० वॉट, ३००० आरपीएमची (मिनिटाला फेरे) आहे. मोटर आणि ड्राइव्ह (मोटर चालवणारा नियंत्रक) एक किलोवॉटचे घ्यावेत का? ही निवड शिकायची कोठून?

उत्तर : शिकण्याची सुरुवात कॅटलॉगपासून न करता हालचालीपासून करावी. ०.६ सेकंदात ३०० मिलिमीटर म्हणजे सरासरीच सेकंदाला ५०० मिलिमीटर झाली आणि १० च्या लीडवर तेवढ्यातच ३००० आरपीएम संपतात. वेग घेणे, धावणे व थांबणे यांना प्रत्येकी ०.२ सेकंद दिल्यास कमाल वेग सेकंदाला ७५० मिलिमीटर, म्हणजे ४५०० आरपीएम लागतो. किलोवॉटची मोटरही ३००० आरपीएमचीच असेल, तर उशीर तसाच राहील. (ही चूक मीही एकदा पदरचे पैसे घालून केली आहे.) काही मोटरी थोडा वेळ जास्त फिरतात, परंतु लांब स्क्रू त्या वेगाला थरथरू लागतो.

२० च्या लीडचा स्क्रू बसवल्यास २२५० आरपीएम पुरतात. मात्र स्लाइडचे मोटरला जाणवणारे जडत्व चौपट होते, साधारण १ वरून ४ किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटर; ते रोटरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) जडत्वाशी ताडून पाहावे. स्लाइडला वेग देण्यासाठी १५० न्यूटन बल, म्हणजे मोटरवर सुमारे ०.४८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागेल. घर्षण, स्क्रू आणि रोटर यांचा भार धरूनही तुमच्या मोटरचा सुमारे २.४ न्यूटन-मीटरचा टॉर्क सहसा पुरावा.

जुळणीच्या वेळी कपलिंग (मोटर व स्क्रू जोडणारा भाग) सोडून मोटर एकटी, हळू फिरवावी. दिशा, दोन्ही लिमिट स्विच (टोकाला स्लाइड थांबवणारे) आणि इमर्जन्सी स्टॉप हाताने तपासावेत. स्क्रू बदलल्यावर ड्राइव्हमधील इलेक्ट्रॉनिक गिअरचे (आज्ञेतील अंतर मोटरच्या फेऱ्यांत बदलणारे) गुणोत्तर न बदलल्यास ३०० ची आज्ञा ६०० मिलिमीटर होते आणि स्लाइड टोकाला आदळते. कपलिंग जोडल्यानंतर आधी वेगाचा गेन (चूक दिसताच ड्राइव्ह किती जोराने प्रतिसाद देतो ते प्रमाण) व मग स्थितीचा गेन थोडाथोडा वाढवत जावा. मोटर गुणगुणू लागली की तेथून थोडे मागे यावे.