लॅबमधलं किरणोत्सारी द्रव नळ सोडून सिंकमध्ये ओतलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की फॉस्फरस-३२ आणि ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) दोन्हीचं उरलेलं द्रव एकाच कॅनमध्ये साठतंय, आणि सीनियर म्हणतात, "भरपूर पाणी सोड आणि ओतून टाक." आधी त्या कॅनमध्ये भर घालणं थांबवा.

मी अशा लॅबमध्ये काम केलंय. विल्हेवाटीचा घोळ कॅन भरतानाच होतो. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, १४.३ दिवस. दहा अर्धायुष्यं, म्हणजे जेमतेम पाच महिने, बंद ठेवलं की हजारातला एखादा भाग उरतो. मग मोजायचं, वहीत नोंदवायचं, सोडून द्यायचं. कॅनला आडोसा पर्स्पेक्सचा (ॲक्रिलिक प्लास्टिकचा) हवा. नुसतं शिसं लावलं तर या जोरकस बीटा कणांमुळे त्यात क्ष-किरण तयार होतात. सल्फर-३५ ला अडीचेक वर्षं लागतात, तेही निभतं. ट्रिटियमचं अर्धायुष्यच १२.३ वर्षं, ते मिसळलं की वाट बघण्याचा सोपा मार्ग बंद. शिवाय गायगर काउंटरला (किरणोत्सार मोजायच्या नेहमीच्या यंत्राला) ट्रिटियम कळतच नाही. काउंटर गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नमुना लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्येच मोजा, म्हणजे नमुना एका खास द्रवात मिसळून त्यात उमटणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात.

सीनियर अगदीच चूक नाहीत. सिंकमधून सोडायला परवानगी असते, पण मर्यादेत. अमेरिकेत एका परवानाधारकाला वर्षाला ट्रिटियम ५ क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं एकक), कार्बन-१४ १ क्युरी आणि बाकी सगळं मिळून १ क्युरी, तेही पाण्यात सहज विरघळणारं किंवा सहज पसरणारं जैविक द्रव्य असेल तरच. शिवाय महिन्याच्या सरासरी तीव्रतेवर वेगळी मर्यादा. आपल्याकडे किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या १९८७ च्या नियमांनुसार अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, अधिकृत मंजुरी लागते. पाणी ओतून तीव्रता उतरते, एकूण क्युरी तेवढेच राहतात.

टोल्युइन-झायलीनचं सिंटिलेशन कॉकटेल, म्हणजे त्या काउंटरसाठी नमुना ज्यात मिसळतात ते द्रव, मात्र सिंकमध्ये कधीच नाही. ते ज्वालाग्राही आहे, त्याचा कॅन वेगळा. आयोडीन-१२५ वापरत असाल तर त्यात ॲसिड किंवा ब्लीच पडू देऊ नका, आयोडीन वाफ होऊन हवेत येतं.

आता तुमचा मिसळलेला कॅन. त्यावर दोन्ही समस्थानिकं (फॉस्फरस-३२ आणि ट्रिटियम), अंदाजे मात्रा, शेवटची भर घातल्याची तारीख आणि आत कोणती रसायनं आहेत ते लिहा. (२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाचं कोबाल्ट-६० चं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं आणि मायापुरीत एकाचा जीव गेला. तो स्रोत तुमच्या कॅनच्या कैक पट तीव्र होता, पण कोपऱ्यात विसरलेल्या वस्तूंचं असंच होतं.) मग विद्यापीठाच्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला कळवा. पाच महिन्यांनी फॉस्फरस संपला की उरलेलं ट्रिटियम मोजून, ते सिंकमधून सोडायचं की बाहेर पाठवायचं, हे तेच ठरवतील.